चाळीस टक्के

"सगुणा, तुझं मोजायचं काहीतरी चुकलंय," मी म्हटलं.

आठवीचा वर्ग होता. शेवटून दुसऱ्या बाकावरची सगुणा झोरे उभी राहिली. काटकुळी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, तेरा वर्षांची मुलगी. तिचा तक्ता माझ्या हातात होता.

"न्हाई मॅडम. रोज मोजलं. सकाळी बी आन् सांजच्याला बी."

"अगं, पण जुन्या चुलीवर रोज साडेसहा किलो लाकूड आणि नव्या चुलीवर आठ किलो? नवी चूल लाकूड वाचवते. जास्त कशी जाळेल?"

"काय म्हाईत. पन तेवढं जळलं."

वर्ग हसला. विज्ञानाचे गुरव सर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "अगं, मॅडम इंजिनिअर हायत. पीएच.डी. करायल्यात. त्यांनी केलेली चूल त्यांना कळत न्हाई आन् तुला कळती व्हय? बस खाली. पुन्हा मोज."

सगुणा बसली. मी तिचा तक्ता बाकीच्या एकवीस तक्त्यांच्या खाली सरकवला आणि पुढचा धडा सुरू केला.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होते. विषय होता कमी लाकडात स्वयंपाक करणारी चूल. मी स्वतः जन्मात चूल पेटवली नव्हती. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात मी पाळण्यात असल्यापासून गॅस होता. पण प्रयोगशाळेत मी साडेतीन वर्षं पाणी उकळलं होतं. बाभळीचं लाकूड भट्टीत वाळवून, बोटाएवढे तुकडे करून, ग्रॅमवर मोजून जाळलं होतं आणि माझी चूल चाळीस टक्के लाकूड वाचवते हे सिद्ध केलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला नंतर कळलं.

त्या वर्षी कॉलेजात एक योजना आली. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं आठ शनिवार खेड्यातल्या एका शाळेत जायचं, आपलं संशोधन मुलांना समजेल असं सांगायचं आणि त्यातला एखादा प्रयोग त्यांच्याकडून करून घ्यायचा. माझ्याबरोबरच्या बहुतेकांनी कपाळाला हात लावला. एकाचा विषय बेअरिंगचं वंगण, तो आठवीच्या पोरांना काय सांगणार? मला मात्र माझे मार्गदर्शक हेरवाडकर सर म्हणाले, "साळोखे, तुमचं नशीब जोरात आहे. एका दगडात दोन पक्षी मारा."

दुसरा पक्षी म्हणजे माझा प्रबंध. चूल प्रयोगशाळेत चालते हे झालं होतं. ती घरात चालते याचे आकडे मिळाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता. एकदा वाढवून घेतलेली मुदत डिसेंबरअखेर संपत होती. जानेवारीत आमच्याच कॉलेजात लेक्चररची जागा भरणार होते आणि ती ज्याचा प्रबंध सादर झालेला असेल त्यालाच मिळणार होती. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी मनातल्या मनात स्टाफरूममधलं टेबलसुद्धा निवडून ठेवलं होतं.

म्हणून गगनबावड्याकडच्या डोंगरातली ही शाळा मी मुद्दाम मागून घेतली. तिथं घरोघरी चूल होती. कॉलेजनं बावीस चुली आणि बावीस ताणकाटे दिले. आठवीत बावीसच मुलं. पहिला आठवडा जुन्या चुलीवर किती लाकूड जळतं ते मोजायचं, दुसरा आठवडा नव्या चुलीवर. तक्ते वाटायच्या आधी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नवी चूल: ४० टक्के बचत', आणि सगळ्या वर्गाकडून ते तीनदा म्हणून घेतलं होतं. शिक्षिका म्हणून आपण किती उत्साही आहोत, याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं होतं.

आणि आता एकवीस तक्ते अगदी मनासारखे आले होते. कुठं एकोणचाळीस टक्के, कुठं चाळीस, कुठं एक्केचाळीस. पुढच्या शनिवारी योजनेच्या समितीचे सदस्य शाळा बघायला येणार होते, बरोबर हेरवाडकर सर. मध्ये फक्त सगुणाचा आठ किलोचा तक्ता आडवा येत होता. असा एखादाच तक्ता वेगळा आला तर तो वगळायची सोय आमच्या शास्त्रात आहे. फक्त कारण लिहावं लागतं. कारण मिळवायला मी त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी जायचं ठरवलं.

"वर धनगरवाड्यावर हाय घर," ती म्हणाली. "तुमास्नी चढवंल काय?"

"न चढायला काय झालं?"

सव्वा तास लागला. सप्टेंबर महिना, पाऊस उघडझाप करत होता. पायवाटेवरच्या लाल चिखलात मी दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा सगुणा हसली आणि मग हसल्याबद्दल घाबरली. वाटेत ती सारखी वाकून काटक्या उचलत होती. वर पोचेपर्यंत तिच्या डोक्यावर चांगला भारा झाला होता आणि दप्तर पाठीला तसंच.

"हे मोजतेस?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम, हे वलं हाय. वाळल्यावर जाळताना मोजायचं. तुमीच सांगितलंसा न्हवं?"

मी सांगितलं होतं खरं.

घर म्हणजे एक मोठी अंधारी खोली. अर्ध्यात माणसं, अर्ध्यात म्हशी. सगुणाची आई बयाबाई चुलीपुढं होती. मला बघितल्यावर तिनं पदर सावरला, पोतं झटकून बसायला दिलं आणि पोरीला म्हणाली, "आगं, आदी सांगायचं न्हाईस व्हय? घर कसं पडलंय बघ."

मी सगळं सोडून चुलीकडं बघत होते. दोन चुली पेटलेल्या होत्या. माझी नवी चूल, तिच्यावर भात. शेजारी जुनी मातीची चूल, तिच्यात एक मांडीएवढा जाड लांबलचक ओंडका. तो जळेल तसा बयाबाई पायानं आत सरकवत होती. जुन्या चुलीवर भांडं काहीच नव्हतं. शेजारी गोणपाटावर दोन करडं अंग चोरून झोपली होती. चुलीच्या वर बांबूचा माळा होता आणि त्यावर ओली लाकडं पसरलेली होती.

"चूल कशी वाटली?" मी विचारलं.

"गुणाची हाय की. भात झटक्यात हुतो. धूर न्हाई काय न्हाई." मला बरं वाटलं. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "फकस्त खायाला बारीक मागती. बोट बोट लाकूड. आमची ही पोरगी रोज सांजच्याला तासभर कुराड घिऊन बसती. आब्यास ऱ्हायला बाजूला."

"मग ही दुसरी कशाला पेटवलीत? हिच्यावर तर काहीच नाही."

बयाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच आठवीत आहे. "मग करडं काय तुमच्या चुलीत घालू?"

सगुणा तोंडावर हात धरून हसली.

"बाई, हितं चार म्हैनं ऊन दिसत न्हाई," बयाबाई म्हणाली. "लाकडं वाळवायची कशावर? कापडं कशावर वाळवायची? ही करडं तर गारठून एका रातीत मरत्यात. तुमची चूल भाताला चांगली, पन तिची ऊब भाईरच येत न्हाई."

उष्णता बाहेर जात नाही, हीच तर माझ्या चुलीची फुशारकी होती. त्यासाठी मी आतून मातीचं अस्तर दिलं होतं, त्यावर एक सबंध प्रकरण लिहिलं होतं. ज्या उष्णतेला मी त्या प्रकरणात 'वाया जाणारी' म्हटलं होतं, तिच्यावर या घराचे चार महिने निघत होते.

सगुणानं ताणकाटा आणला. तुकड्यांची मोळी बांधली, आकड्याला लावली, काटा डोळ्यांच्या रेषेत धरला, हलायचा थांबेपर्यंत थांबली आणि मग वाचला. मग ओंडक्याचं वजन. सकाळी किती होता, आता किती उरला, वजाबाकी. तिच्याइतकं नीट मोजणारं माणूस आमच्या प्रयोगशाळेतही नव्हतं. मला चूक काही सापडली नाही. तिच्या घरात खरंच आठ किलो लाकूड जळत होतं.

हे मी तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं, बघते मी." बयाबाईनं नुसत्या दुधाचा चहा केला, तो पिऊन मी उठले. सगुणा ओढ्यापर्यंत सोडायला आली.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"प्रतीक्षाच्या तक्त्यात एक पूर्णांक ब्याण्णव लिवलंय. विज्याच्या तक्त्यात दोन पूर्णांक सोळा. माझ्या काट्यावर शंभर शंभर ग्रॅमच्याच रेघा हायत. ब्याण्णव दिसतच न्हाई. त्यास्नी बारीक रेघांचं काटं दिलंयसा काय?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. बावीसच्या बावीस काटे एकाच खोक्यातून आले होते आणि ते खोकं मी स्वतः उघडलं होतं.

"हो," मी म्हटलं. "काटे वेगवेगळे आहेत."

तिनं मान डोलावली. "तरीच," म्हणाली आणि परत फिरली.

घरी येऊन मी अहवाल पुरा केला. सगुणाच्या तक्त्यापुढं कारण लिहिलं: 'मोजणीतील चूक'.

पुढच्या शनिवारी मी पहिल्या एसटीनं शाळेत पोचले. पाहुणे अकराला येणार होते. गुरव सरांनी पताका लावल्या होत्या आणि एकवीस तक्ते भिंतीवर ओळीनं चिकटवले होते. ते खुशीत होते. "मॅडम, आता बावीस झाले," म्हणाले. "ती झोऱ्यांची पोरगी बी आली लायनीवर."

सगुणा दारातच उभी होती. हातात नवा तक्ता, पट्टीनं आखलेला, लाल आणि निळ्या शाईत. मी बघितला. जुनी चूल सहा पूर्णांक पाच, नवी चूल तीन पूर्णांक नऊ. दुसऱ्या दिवशी सहा पूर्णांक आठ, तिथं चार पूर्णांक एक. सातही दिवस तसेच. चाळीस टक्के.

"आता बराबर आलं न्हवं मॅडम?" तिचा चेहरा फुलला होता.

"हे तू पुन्हा मोजलंस?"

"न्हाई. तुमी घरला येऊन गेलासा, काय बोलला न्हाईसा. मला वाटलं, आपलंच चुकलं आसंल. मग प्रतीक्षानं शिकवलं कसं काढायचं. जुन्या आकड्याला सहानं गुणायचं आन् दहानं भागायचं. लई सोपं हाय." मग तिनं आवाज जरा खाली आणला. "फकस्त पुढचा आकडा काट्यावर दिसत न्हाई म्हनून मी तो सोडून दिला. सहा पूर्णांक आठचं चार पूर्णांक शून्य आठ येतंय, त्याचं मी चार पूर्णांक एक क्येलं. खरं वाटतंय न्हवं?"

ही युक्ती मला ओळखीची होती.

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगताना एवढा भाग गाळत आले. तो असा. एक पूर्णांक ब्याण्णव मी सगुणाच्या आधी बघितलं होतं. तक्ते हातात आले त्याच सकाळी वर्गात बघितलं होतं. त्या काट्यावर ब्याण्णव दिसू शकत नाही, हे इंजिनिअरला कळायला किती वेळ लागतो? मुलांनी गुणाकार केलाय हे मला तिथंच कळलं होतं. कळायचं दुसरंही कारण होतं. आम्ही सगळे तसेच शिकलो होतो. प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तर आधी आणि रीडिंग नंतर, पुस्तकातला आकडा येईल असं जुळवून. शाळेत, बारावीला, इंजिनिअरिंगला. कुणी आम्हाला कधी अडवलं नव्हतं, उलट जुळलं की दहापैकी दहा. मूग गिळून मी ते आकडे वहीत उतरवून घरी नेले आणि कॉम्प्युटरवर टाइप करताना एक पूर्णांक ब्याण्णवचं एक पूर्णांक नऊ केलं, दोन पूर्णांक सोळाचं दोन पूर्णांक दोन. काट्यावर दिसतील असे. खरे वाटतील असे. सगुणाचा तक्ता मला वगळायचा होता तो चुकीचा होता म्हणून नव्हे. तेवढा एकच मोजलेला होता आणि त्याच्याशेजारी बाकीचे उघडे पडत होते.

"जुना तक्ता कुठाय?" मी विचारलं.

"गुरव सरांनी माघारी दिलता, तो फाडला. चुकीचा हुता न्हवं?"

गुरव सरांनी तिच्या हातातून नवा तक्ता घेतला आणि शेवटी चिकटवला. मी त्यांना अडवलं नाही. अजूनही मला स्टाफरूममधलं ते टेबल दिसत होतं.

जीप अकराच्या आधीच आली. समितीचे डॉ. पाठारे उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. प्रास्ताविक, नारळ, मुलींचं स्वागतगीत झालं आणि ते तक्त्यांपुढं जाऊन उभे राहिले. हात मागे बांधून एकेक वाचत निघाले. सहाव्या-सातव्या तक्त्याला थांबले. टेबलावरचा ताणकाटा उचलून चष्म्याजवळ धरला.

"बाळांनो, या काट्यावर शंभर ग्रॅमच्या रेघा आहेत," ते म्हणाले. "एक पूर्णांक ब्याण्णव कुणी आणि कसं वाचलं?"

प्रतीक्षा तेली बाकाच्या लाकडाकडं बघत बसली. गुरव सर रुमालानं मान पुसायला लागले.

"मुलं आहेत सर," हेरवाडकर सर हसून म्हणाले. "अंदाजानं एखादा आकडा जास्त लिहितात."

"असेल," पाठारे म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं. ते पुढं चालत राहिले आणि शेवटच्या तक्त्याशी पुन्हा थांबले. तिथं मात्र त्यांचा चेहरा सैल झाला.

"हा बघा, हेरवाडकर. हिला काट्याची मर्यादा कळते. काट्यावर जेवढं दिसतं तेवढंच लिहिलंय. बाकीचे राहू देत, पण या एका तक्त्यावरून तरी म्हणता येईल की चूल घरात चालते. कुणाचा हा?"

"सगुणा धोंडू झोरे," सगुणा उभी राहत म्हणाली.

हेरवाडकर सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. सुटलो, असा त्याचा अर्थ होता.

"शाब्बास," पाठारे म्हणाले. "हे सगळं तू स्वतः मोजलंस ना?"

सगुणा त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती, माझ्याकडं बघत होती. व्हय म्हणू का न्हाई, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी तिनं 'व्हय' म्हटलं असतं आणि बसली असती.

"नाही सर," मी म्हटलं.

मी भिंतीवरच्या शेवटच्या तक्त्याकडं बोट केलं. "तिनं मोजलं होतं ते वेगळं होतं. नव्या चुलीवर आठ किलो. घरी ऊब लागते म्हणून दोन्ही चुली पेटतात. मी स्वतः जाऊन बघितलंय. तिचं बरोबर होतं, मीच चूक ठरवलं. म्हणून तिनं हा तक्ता तयार केला. हे मोजलेलं नाही."

"आणि बाकीचे?"

"ते गुणाकार आहेत. चाळीस टक्के यायला पाहिजेत हे मीच फळ्यावर लिहिलं होतं." मी हेरवाडकर सरांकडं न बघता पुढचं बोलून टाकलं. "अहवालात तुम्हाला ब्याण्णव दिसणार नाही, कारण टाइप करताना ते मी काट्याला जुळवून घेतलंय."

पाठाऱ्यांनी ताणकाटा टेबलावर ठेवला. ते माझ्यावर चिडले नाहीत. मुलांकडं वळून म्हणाले, "बरं. मग नवी चूल रोज कोण कोण पेटवतं? खरं सांगा, कुणी रागावणार नाही."

चार हात वर झाले. मग प्रतीक्षा उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, आमच्या चुलीत कोंबडी बसलीया. अंडी घालून. आई म्हनली, पिल्लं निघूस्तवर हलवायची न्हाई."

पाठारे हसले आणि सगळा वर्ग फुटला. एकाच्या घरी चूल कापडात गुंडाळून ठेवली होती, पाहुणे आले की काढायला. एकानं ती मामाला दिली होती. मीसुद्धा हसले.

जीपमध्ये हेरवाडकर सर पुढं बसले होते. वाटेतलं कळे गाव आलं तेव्हा मागं न बघता म्हणाले, "दार लावून मला सांगता आलं असतं."

"हो सर."

"मग पाहुण्यांच्या देखत कशाला?"

"ती माझ्याकडं बघत होती."

त्यांना हे उत्तर वाटलं नसावं. डिसेंबर निघून गेला, जागा माझ्यापेक्षा एक वर्ष मागे असलेल्या एका मुलाला मिळाली आणि ते टेबलही त्याच्याकडं गेलं. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, बरेच दिवस मी कॉलेजात स्टाफरूमच्या बाजूनं जाणं टाळायची. प्रबंध आणखी अडीच वर्षांनी पुरा झाला. त्यातली चूल लांब लाकूड घेते आणि खोलीही थोडी तापवते. ती वीस टक्केसुद्धा वाचवत नाही.

पण मला सांगायचंय ते समिती येऊन गेली त्याच्या पुढच्या शनिवारचं. माझे दोन शनिवार उरले होते आणि मी गेले. गुरव सर कोरडेपणानं म्हणाले, "या." वर्ग सुरू व्हायच्या आधी मी सगुणाला व्हरांड्यात बोलावलं. तिला सांगितलं की तुझाच तक्ता खरा होता. ओढ्याजवळ मी काट्यांबद्दल खोटं बोलले, ते चुकलं माझं. ती ऐकत राहिली, मान डोलावली. मग वर्गात मी कोरे तक्ते वाटले. फळ्यावर काहीही लिहिलं नाही. सगळ्यांना सांगितलं, "जे दिसेल ते लिहायचं. चूल पेटवली नसेल तर शून्य लिहायचं. कोंबडी बसली असेल तर कोंबडी लिहायचं." मुलं हसली. मला हलकं वाटलं, निस्तरलं एकदाचं, असं वाटलं.

तास संपला. मुलं डबे घेऊन बाहेर पळाली. सगुणा तेवढी माझ्या टेबलाशी घोटाळत राहिली. बाकीचे लांब गेल्याची खात्री करून तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं आणि हळूच विचारलं,

"मॅडम, ह्या बारीला किती टक्के आणायचं?"

टोमणा मारत असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता. तिनं पेन्सिल कागदावर टेकवली होती आणि मी आकडा सांगायची वाट बघत होती.